भाव बसेपर्यंत

तुमच्या घरातली सगळ्यात झिजलेली वस्तू कोणती? नीट आठवा. आणि ती उद्या विकायला काढली, तर तिचा वाजवी भाव किती हे छातीवर हात ठेवून सांगता येईल तुम्हाला?

मला येत नाही. शेषराव काकांना येतं. नल्लकुंट्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ गेली चाळीस वर्षं जामबागेजवळच्या एका बंदुकीच्या दुकानात जुन्या, वापरलेल्या रिव्हॉल्व्हरांचा भाव ठरवतात. परवान्याचा माल, सगळं कायदेशीर. दुकान सिकंदरभाईंचं, नजर काकांची.

त्यांच्याकडे पहिल्यांदा चहाला गेलात तर दचकू नका. ते कप तुमच्यासमोर धरतील, तिरपा करतील, आतला तळ तुम्हाला दिसला याची खात्री करून घेतील आणि म्हणतील, "बघा, रिकामं." मग त्यात चहा ओततील.

त्यांच्या धंद्याचा हा पहिला नियम. हत्यार कुणाच्या हातात द्यायचं तर आधी उघडून दाखवायचं की आत गोळी नाही. चाळीस वर्षांत हा नियम डोक्यातून हातात उतरला आणि हातातून सगळ्या संसारात पसरला. छत्री देताना उघडून दाखवतात, "बघा, रिकामं." डबा परत करताना, पिशवी देताना, तेच. एकदा आमच्या गल्लीतल्या एका मुंजीत त्यांनी आहेराचं पाकीट यजमानांच्या नाकासमोर उघडलं आणि सवयीने म्हणाले, "बघा, रिकामं." पाकिटात पाचशे एक रुपये होते. पण यजमानीणबाईंचा चेहरा बुंदी वाढेपर्यंत सरळ झाला नव्हता.

इथे माझी बाजू आधीच सांगून टाकते. हत्यार ही वस्तू मला मान्य नाही. आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडरच्या जागी पत्रकं लागायची. माझे बाबा कामगार संघटनेचं काम करायचे. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, आणि वाचायला शिकले ती पुढच्या बाजूवर. त्यामुळे खालच्या मजल्यावर रिव्हॉल्व्हरवाला राहतो हे कळल्यावर मी काय केलं असेल? 'शस्त्रमुक्त शहर हा आपला हक्क' असं पत्रक काढलं, आणि पहिली प्रत सिकंदरभाईंच्या दुकानात, थेट काकांच्या टेबलावर ठेवली.

काकांनी पत्रक उचललं. मागून-पुढून पाहिलं. काळ्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं, भिंग लावलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"कागद बरा आहे," ते म्हणाले. "शाई चांगली बसली. पहिल्या तीन ओळी कडक. चौथ्या ओळीत ढिली झालीस बाई. तिथं 'कदाचित' लिहिलंस. हल्ला करायला निघालं माणूस आणि 'कदाचित' म्हणतंय, हे काय की!"

"भाव सांगा मग," मी तोऱ्यात म्हणाले.

"वाजवी भाव एक चहा. 'कदाचित' काढलंस तर सोबत उस्मानिया बिस्कीट."

गल्ल्यावरून सिकंदरभाई ओरडले, "शेषू मियाँ, बिस्कुट नक्को खिलाओ! ये पोट्टी एक दिन दुकान को ताला लगाती, देखो!"

"लगाने दो," काका म्हणाले, "ताला भी मैंच देख के देतूँ, कौनसा अच्छा है." आणि माझ्यासमोर कप तिरपा करून धरला. "बघा, इन्किलाब. रिकामं."

त्या दिवसापासून माझं नाव इन्किलाब पडलं. आणि मी त्या दुकानात जायला लागले ते सुधारणा करायला म्हणून. सुधारणा झाली नाही. चहा मात्र बराच झाला.

काकांनी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. फटाक्यांना घाबरतात. दिवाळीत कानात कापूस घालून बसतात आणि तुम्ही काहीही बोललात तरी "हौ, हौ" म्हणतात. मग या माणसाला रिव्हॉल्व्हरमधलं कळतं काय? मीही हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "उडवणाऱ्याला निशाण दिसतं. मला माणूस दिसतो."

त्यांची पद्धत अशी. आधी रिकामं करून सगळ्यांना दाखवायचं. मग परवान्यावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळवायचा. मग चाल. चाल म्हणजे गोळ्यांचं गोल चक्र आपल्या जागी घट्ट बसतं की किडक्या दातासारखं हलतं, ते. मग नळीच्या एका टोकाला पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकाने आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, पाहायचे. मग स्क्रूंची डोकी. ती कुरतडल्यासारखी दिसली तर कुण्या हौशी माणसाने घरी उघडून पाहिलंय. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त वेळ, झीज.

"नवी चकाकी बघून पैसे देणारा हौला, शुद्ध खुळा," ते म्हणतात. "जुन्या मालाला सगळीकडून सारखी चकाकी असली की समजायचं, पॉलिश मारून काहीतरी झाकलंय. लोखंडावर कोरलेल्या अक्षरांच्या कडा बघ, साबणाच्या वडीसारख्या विरघळल्यात का. इमानदार झीज एका जागी असते. जिथं हात लागतो तिथंच."

'इमानदार झीज' हा त्यांचा लाडका शब्द. दुसरा लाडका शब्द 'भाव बसणं'. भाव ते लावत नाहीत, तो बसतो. पाखरू फांदीवर बसावं तसा आपोआप येऊन बसतो, आपण हालचाल करायची नाही. आणि बसला की तोच. त्यात एक रुपया खाली नाही आणि (हे महत्त्वाचं) एक रुपया वरही नाही. कारण वाजवी भाव कोणता? तर "देणारा आणि घेणारा, दोघंही घरी जाऊन पोटभर जेवले पाहिजेत."

ही नजर दुकानात सोडून घरी येता आली असती तर बरं झालं असतं. पण नाही. आमच्या गल्लीतली भाजीवाली यादम्मा त्यांना पाहिलं की गाडी पुढे ढकलते. सगळी दुनिया भाजीवालीशी भाव पाडायला भांडते. हे वाढवायला भांडतात. "वांगी तीस रुपये? आज देठ बघितलास का, काट्यासकट ताजे आहेत. चाळीस घे." ती म्हणते तीस, हे म्हणतात चाळीस, मागे उभ्या बायका कपाळावर हात मारतात, कारण एकदा चाळीस झाले की सगळ्यांनाच चाळीस. समोरच्या देशपांड्यांच्या मुलीला पाहायला मुलगा आला तेव्हा चौघांत बसून यांनी तोंड उघडलं, "मुलगा चांगला आहे, पण पॉलिश नवी आहे." ते लग्न मोडलं. सहा महिन्यांनी कळलं की मुलाने नोकरीच सोडली होती. तेव्हापासून देशपांडे त्यांना दसऱ्याला सोनं द्यायला पहिले येतात, आणि लग्नाळू मुलांचे बाप त्यांच्या दारावरून चप्पल हातात घेऊन जातात.

एक गोष्ट मात्र मला विसंगत वाटायची, आणि विसंगती दिसली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. इतकं झिजलेल्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात झिजलेलं काही म्हणता काही नव्हतं. काकू नऊ वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. काका दिवसकार्याला गंगेवर, म्हणजे नांदेडला गेले होते, तेवढ्यात पुतण्याने भल्या मनाने घराला रंग दिला, जुनं सगळं भंगारात घातलं आणि नवं आणून ठेवलं. काकांना जुन्या वस्तू पाहून त्रास होऊ नये म्हणून. नवं कपाट, नवा गॅस, नवं पोळपाट. नऊ वर्षांनीही ते नवंच दिसतं. एकट्या माणसाच्या हाताने वस्तू झिजत नाहीत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं, बाजूला सरले, आणि माझ्यासमोर हात पसरून सवयीने म्हणाले, "बघा, रिकामं."

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी चहाला आधण ठेवलं.

आता कमलम्मांची गोष्ट. इथे माझं आणि काकांचं भांडण झालं होतं, म्हणून सविस्तर सांगते.

कमलम्मा चिक्कडपल्लीच्या. सत्तरीला टेकलेल्या, बुटक्या, कडक इस्त्रीची सुती साडी. त्यांचे यजमान सत्यनारायण तेंदूपत्त्याचे ठेकेदार होते. वर्षातले चार महिने आदिलाबादकडच्या जंगलात, मजुरांच्या पगाराची रोकड बरोबर, म्हणून परवान्याचं रिव्हॉल्व्हर. यजमान गेले. हत्यार घरात ठेवणं बेकायदा, म्हणून कमलम्मांनी ते पोलिसांच्या परवानगीने सिकंदरभाईंच्या दुकानात जमा ठेवलं, विकण्यासाठी. परवानगीच्या कागदाला मुदत होती. मुदतीत विकलं गेलं नाही तर ते पोलिसांकडे कायमचं जमा, आणि मग कमलम्मांच्या हातात काहीच नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण मी ते एक क्षणही विसरले नव्हते.

रिव्हॉल्व्हर साधंच होतं, सरकारी कारखान्याचं. वापरून वापरून लोखंडावर चढवलेली निळाई उडालेली. काकांना असल्या मालाला अर्धा तास पुरतो. यालाच ते महिना झाला, दोन महिने झाले, तरी म्हणत, "भाव बसत नाही."

कमलम्मा दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बसने यायच्या. खुर्चीवर बसायच्या. त्या तेलुगूत बोलणार, काका दखनीत उत्तर देणार. दोघांना दोन्ही कळायचं. मी इथे सगळं मराठीत सांगते, फक्त त्यांचं आदराचं 'गारू' आणि मुलीला म्हणतात ते 'अम्मायी' तसंच ठेवते.

"बसला का भाव, शेषराव गारू?"

"नाही अम्मा. पण ही एक खूण सापडली." मग मखमलीवर रिव्हॉल्व्हर, त्यावर भिंग, आणि काका बोलायला लागायचे. "हे बघा, नळीच्या तोंडाची निळाई फक्त एका बाजूने गेली. म्हणजे कव्हर डाव्या कमरेला होतं. माणूस उजव्या हाताचा असून डावीकडे लटकवतो, म्हणजे उजवीकडे त्याला दुसरं काही जास्त लागायचं."

"पानाचा डबा," कमलम्मा म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "गोळीपेक्षा पान आधी लागायचं त्यांना."

पुढच्या मंगळवारी दुसरी खूण. नळीतले आटे इतके धारदार, की फार तर दोन-चार गोळ्या उडाल्या असतील, त्याही परवाना मिळाला तेव्हा शिकायला म्हणून. त्याच्या पुढच्या मंगळवारी, घोड्याखालच्या खाचेत अडकलेला तांबूस मातीचा कण. मग मुठीवर अंगठ्याच्या जागी लाकडाला पडलेला गुळगुळीत खळगा. "हे उडवून नाही पडत अम्मा. हे नुसतं अंगठा फिरवून पडतं. बसल्या बसल्या. वर्षानुवर्षं. काळजी करणारा माणूस होता."

कमलम्मा बराच वेळ त्या खळग्याकडे पाहत राहिल्या. "चार महिने तिकडे असायचे," त्या म्हणाल्या. "आल्यावर विचारलं तर म्हणायचे, काय सांगायचं, पानंच पानं. एवढंच. चाळीस वर्षांत एवढंच."

मी हे पाहत होते, ऐकत होते, आणि तरीही माझ्या डोक्यात मुदत टिकटिक करत होती. काय करणार, माझं शिक्षणच तसं.

आठव्या महिन्यात गिऱ्हाईक आलं. नरसिंगराव म्हणून पेट्रोल पंपाचे मालक, परवाना खिशात, घाईत. उभ्या उभ्या म्हणाले, "पन्नास हजार. आत्ता."

काका म्हणाले, "भाव बसला नाही."

"अहो, मी देतोय ना पन्नास!"

"तुम्ही देताय. तो बसला नाही."

नरसिंगराव गेले. सिकंदरभाईंनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर आपटली. "मियाँ, पन्नास! कायकू नक्को बोले?"

"एक खूण राहिली," काका म्हणाले. त्यांनी मूठ वळवून दाखवली. लाकडाच्या खालच्या टोकाला चंद्रकोरीसारखा एक दाब होता. नखाएवढा. "ही कशाची, कळत नाही. पडून नाही झाली, ठोकून नाही झाली. काहीतरी वाकडं, लोखंडी, वर्षानुवर्षं, बहुतेक रात्री उशाखाली, याला टेकून होतं. हे कळल्याशिवाय भाव कसा बसेल?" त्यांनी त्या खुणेवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासली होती, तो छाप घडी करून खिशात घेऊन फिरायचे. एकदा त्यांनी तो आमच्या नळ दुरुस्त करणाऱ्यालाही दाखवला होता.

मी पेटले. एका विधवेचे पन्नास हजार या माणसाच्या एका नखाएवढ्या कुतूहलापायी जाणार! मी सरळ घरी आले आणि पत्रक लिहिलं. मथळा: 'दडवलेला भाव उघडा करा!' त्यात 'कदाचित' एकदाही नव्हतं. आणि ते वाटण्याआधी पीडित व्यक्तीला जागं करावं म्हणून चिक्कडपल्लीला कमलम्मांच्या घरी गेले.

त्या ओट्यावर बसून सुपारी कातरत होत्या. मला ताक दिलं. मी पत्रकाचं तेलुगू करून त्यांना वाचून दाखवलं. 'अज्ञानाचा फायदा' या ओळीवर त्यांना हसू आवरेना, इतकं की सुपारीची खांडं ओट्याखाली सांडली.

"अगं अम्मायी," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मला पेन्शन नाही, पण दोन खोल्यांचं भाडं येतं. मी उपाशी नाही. ते काय म्हणतात, अजून काय राहिलं?"

"चंद्रकोरीसारखी एक खूण आहे म्हणे मुठीवर. ती कशाची, कळत नाही म्हणे!" मी तुच्छतेने म्हणाले.

त्यांचा हात थांबला. अडकित्ता त्यांनी मिटला, डब्यात ठेवला, झाकण लावलं. मी तेव्हा फक्त एवढंच पाहिलं की त्या आता माझ्याकडे लक्ष देत आहेत.

"तुझ्या काकांच्या घरी कोण असतं?"

"कोणी नाही. एकटे."

"बायकोचं काहीतरी असेल."

"काही नाही. पुतण्याने सगळं टाकून नवं आणलं. त्यांच्या घरात झिजलेलं काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

कमलम्मांनी पत्रकाची व्यवस्थित घडी घातली आणि मला परत दिली. "मग सावकाश बसू दे भाव," त्या म्हणाल्या. "आणि हे वाटू नकोस. कागद चांगला आहे, मागे वाणसामान लिही."

मी पत्रक वाटलं नाही. पीडितच ऐकत नसेल तर चळवळ करायची कुणासाठी! पण काकांशी महिनाभर बोलले नाही. जिन्यात भेटले की ते म्हणायचे, "या, इन्किलाब," आणि मी लोखंडी कठड्याकडे पाहत वर जायचे. महिन्याने त्यांनी दाराबाहेर स्टुलावर कप आणून ठेवला. उपडा. मी तो सुलटा केला, त्यांच्या खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "बघा, रिकामं." आतून हसू आलं. एवढ्यावर भांडण मिटलं.

खुणेचं मात्र काही सुटेना. काकांनी परवान्यासोबतचे कागद चाळले. कमलम्मांना विचारलं, "ते किल्ल्यांचा जुडगा ठेवायचे का? कंदिलाची कडी? विळा?" कमलम्मा विचार केल्यासारखं करायच्या आणि मान हलवायच्या. "आठवत नाही, शेषराव गारू. आठवून येते पुढच्या मंगळवारी." नऊ, दहा, अकरा, बारा महिने.

मग मुदत संपत आली. चैत्राचा पहिला आठवडा. सिकंदरभाईंनी हात जोडले, "शेषू, अब बस. पोलीसवाले ले जाते." काकांनी नरसिंगरावांना फोन करायला सांगितलं. तो तेरावा मंगळवार. कमलम्मा खुर्चीवर, नरसिंगराव उभे, मी दारात. काकांनी रिव्हॉल्व्हर उघडलं, सगळ्यांना दाखवलं, "बघा, रिकामं." मग मखमलीवर ठेवून डोळे मिटून बसले.

"एक्केचाळीस हजार," ते म्हणाले.

नरसिंगरावांना कळेना. "अहो, मी पन्नास देत होतो!"

"तेव्हा तुम्हाला घाई होती. वरचे नऊ घाईचे होते. मालाचे एक्केचाळीस."

"मी आत्ताही पन्नास देतो हो!"

"मग हे दुकान सोडून कुठंही द्या."

मी उसळले. "काका, नऊ हजार! त्यांचे नऊ हजार तुम्ही सोडताय! हा कुठला न्याय?"

उत्तर कमलम्मांनी दिलं. "नऊ हजारात तेरा महिने, अम्मायी. महाग नाही." आणि त्यांनी कागदावर सही केली.

नरसिंगराव रिव्हॉल्व्हर घेऊन गेले. कमलम्मा उठल्या, मखमलीच्या रिकाम्या तुकड्यावर एकदा हात फिरवला, आणि नमस्कार करून निघाल्या. काका दारापर्यंत गेले, त्या बसमध्ये चढेपर्यंत उभे राहिले. मग आत येऊन खिशातला छाप काढला.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा, इन्किलाब," ते म्हणाले, "न वाचता वस्तू दिली."

तो महिना ते उदास होते असं मी म्हणणार नाही. यादम्माशी भेंडीवरून भांडले, जिंकले, दोन रुपये जास्त देऊन आले. पण छाप खिशातच राहिला. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी दुकानात गेले तर त्यांनी नवा शर्ट घातला होता आणि कमलम्मांची खुर्ची पुसून ठेवली होती. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "धूळ फार येते."

अकरा वाजले. साडेअकरा झाले. सिकंदरभाई मुद्दाम मोठ्याने पेपर वाचत होते.

पावणेबाराला कमलम्मा आल्या. घामाघूम, हातात कापडी पिशवी. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या. मग पिशवीतून कपड्यात गुंडाळलेली वस्तू काढून मखमलीवर ठेवली.

"हे पण त्यांचंच आहे," त्या म्हणाल्या. "याचा वाजवी भाव सांगा."

अडकित्ता होता. जुना, काळपट, दांड्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवलेली. काकांनी तो दोन्ही हातांनी उचलला. पाती उघडली, आधी कमलम्मांना, मग मला, मग सिकंदरभाईंना दाखवलं.

"बघा, रिकामं."

त्यांनी भिंग लावलं. पात्यावरून दांड्यावर आले, दांड्यावरून टोकावर, आणि तिथे थांबले. मग फार सावकाश खिशातून घडी काढली, उलगडली, आणि त्या वळलेल्या टोकाला छापावर ठेवलं. चंद्रकोर तंतोतंत झाकली गेली.

सिकंदरभाईंनी पेपर खाली घेतला.

"हा घरीच होता?" काकांनी विचारलं.

"हौ," कमलम्मा म्हणाल्या. तेलुगू सोडून त्या पहिल्यांदाच त्यांच्या भाषेत बोलल्या.

"तेरा महिने?"

"हौ."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. अडकित्ता दोनदा उघडला, दोनदा मिटला. कानाशी नेऊन त्याची कुरकुर ऐकली. आणि मग मी त्यांना पहिल्यांदाच खोटं बोलताना ऐकलं, कारण चाल अगदी घट्ट होती, मला दारातूनही दिसत होतं.

"चाल जरा ढिली वाटते, अम्मा," ते म्हणाले. "याचा भाव लगेच नाही सांगता येणार."

"सावकाश," कमलम्मा म्हणाल्या. "मला घाई नाही."

काकांनी कप घेतला, तिरपा केला, त्यांना तळ दाखवला, आणि चहा ओतला.

ही गोष्ट गेल्या उन्हाळ्याची. अडकित्त्याचा भाव अजून बसलेला नाही. मधे एक चष्म्याचं घर आणि एक पितळी कंदीलही त्याच रांगेत लागला आहे. हत्यारांबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही. माझं पुढचं पत्रक छपाईला गेलं आहे आणि त्याच्या चौथ्या ओळीवर काकांनी पुन्हा बोट ठेवलं आहे.

पण आज माझी मागणी वेगळी आहे, आणि ती सरळ तुमच्याकडे आहे. सुरुवातीला तुम्ही एक झिजलेली वस्तू आठवली होती. ती पॉलिश करू नका, भंगारात देऊ नका. पिशवीत घाला आणि शेषराव काकांकडे घेऊन या. रोज सकाळी अकरानंतर ते असतात. मंगळवार सोडून या. आणि पहिल्याच दिवशी भाव विचारू नका.